हक्काच्या रजेचा हिशेब: या चुका टाळा

सांगलीच्या मार्केट यार्डातील पेढ्यांची खातेवही पाडव्याला उघडते, कर सल्लागाराचे वर्ष एप्रिलमध्ये सुरू होते आणि रजेचे वर्ष मात्र 1 जानेवारी ते 31 डिसेंबर असेच धरावे लागते. रजेच्या नोंदीतील बहुतेक घोळ येथूनच सुरू होतात, कारण एप्रिल ते मार्च हजेरी मोजून काढलेली रजा कायद्याच्या मोजणीशी जुळत नाही.

महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम, 2017 नुसार कॅलेंडर वर्षात 240 किंवा अधिक दिवस काम केलेल्या कामगाराला पुढील वर्षी, केलेल्या कामाच्या दर 20 दिवसांमागे एक दिवस या दराने पगारी रजा मिळते; हीच हक्काची रजा. यातील 240 हा केवळ उंबरठा आहे, रजा मात्र प्रत्यक्ष कामाच्या दिवसांवर साचते. हा फरक विसरल्याने सर्वांत जास्त चुका होतात. मागील वर्षी मिळवलेली आणि या वर्षी उपभोगलेली रजा, ले-ऑफचे दिवस (मालकाने तात्पुरते काम न दिल्याने घरी बसावे लागलेले दिवस) आणि 26 आठवड्यांपर्यंतची प्रसूती रजा हे सर्व उंबरठा मोजताना कामाचे दिवस धरले जातात, परंतु त्या दिवसांवर नवी रजा जमा होत नाही.

समजा, एका हळद व्यापाऱ्याच्या दिवाणजींनी वर्षभरात 220 दिवस काम केले, 12 दिवस हक्काची रजा घेतली आणि 10 दिवस ले-ऑफवर काढले. एकूण 242 झाले, म्हणजे उंबरठा पार झाला, आणि रजा 220 भागिले 20, म्हणजे 11 दिवस. काही ठिकाणी 220 हा आकडा पाहूनच ‘रजा नाही’ असा शेरा मारला जातो, तर काही ठिकाणी 242 ला 20 ने भागून 12 दिवस दिले जातात. पहिल्या चुकीत कामगार नाडला जातो, आणि माझ्या पाहण्यात तीच अधिक येते. बाळंतपणाची 26 आठवडे रजा घेऊन उरलेल्या वर्षात 120 दिवस कामावर आलेल्या बाईंच्या नावावरही याच न्यायाने 6 दिवस जमा झाले पाहिजेत. त्यांच्या रजेचे दिवस हजेरीपटावर खाडे म्हणून लिहिले असतील, तर ती नोंद आधी दुरुस्त करावी.

किरकोळ रजा वेगळ्या रकान्यात ठेवावी. ती वर्षाला 8 दिवस असते, तिमाहीनुसार खात्यात जमा होते आणि वर्षअखेर न वापरल्यास संपते. हक्काची रजा मात्र 45 दिवसांपर्यंत साठवता येते. 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर आणि परस्परसंमतीने ठरवलेले चार सण अशा आठ पगारी सुट्ट्या याखेरीज आहेत. गणपतीची सुट्टी त्या चारांत ठरली असेल, तर ती रजेतून वजा करू नये.

कुपवाड औद्योगिक वसाहतीतील कारखान्यांनी दुकानांचे आकडे उचलू नयेत. कारखाने अधिनियम, 1948 मध्येही उंबरठा 240 दिवसांचाच होता, परंतु 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता, 2020 या नव्या कायद्यात तो 180 दिवसांवर आला आहे आणि पुढे नेता येणारी रजा 30 दिवस आहे. हजेरीच्या संगणक प्रणालीत जुना आकडा कायम राहिला असेल, तर 200 दिवस भरलेल्या कामगाराच्या खात्यात 10 ऐवजी शून्य दिसेल. अशा वेळी त्याच्या अर्जावर नकार लिहिण्याआधी प्रणालीतील तो आकडा तपासावा.