हरवलेल्या पूर्वजाच्या शोधाला निघण्याआधी

बहुतेक घरांच्या वंशावळीत एक तरी नाव असं असतं, ज्याच्याखाली रेघच ओढलेली नसते. विचारलं तर "लहानपणीच घर सोडून गेला", "प्लेगात गेला असावा", "बोटीवर नोकरीला लागला म्हणे" एवढंच कळतं. परदेशातल्या कुणी तिथल्या जुन्या जनगणनेतून खापरपणजोबा शोधून काढल्याचं ऐकलं की आपल्यालाही तेच करावंसं वाटतं. पुण्यातून असा शोध घ्यायचा असेल, तर कुठल्याही कचेरीची पायरी चढण्याआधी घरी बसून करायची तयारी बरीच आहे.

सर्वांत आधी हे मनाशी पक्कं करा, की आपल्याकडच्या जनगणनेत पणजोबांचं नाव मिळणार नाही. इंग्रजी अमलात १८८१ पासून दर दहा वर्षांनी देशभर शिरगणती होत गेली, पण आकडे तक्त्यांत चढले की घरोघरी भरलेले नावांचे कागद जपून ठेवले जात नसत. १९४८ च्या जनगणना कायद्यानुसार तर भरलेली पत्रकं कुणालाही पाहायला मिळत नाहीत. छापील तक्ते मात्र नक्की बघा. त्यांत तालुक्याची माणसं, जाती, धंदे यांचे आकडे आहेत. १८९१ आणि १९०१ चे तक्ते शेजारी ठेवून बघताना मधल्या दहा वर्षांत दोन मोठे दुष्काळ आणि १८९७ चा प्लेग येऊन गेला हे ध्यानात असू द्या. आपला माणूस कोणत्या दशकात नाहीसा झाला याचा अंदाज त्यातून बांधता येतो.

मग घरातल्या सर्वांत वयस्कर माणसापाशी वही घेऊन बसा. "त्यांचं नाव काय होतं?" या प्रश्नाला उत्तर चटकन येतं आणि बोलणं तिथेच थांबतं. त्यापेक्षा कुलदैवत कुठलं, जत्रेला कुठल्या गावी जायचो, सुतक कुणाकुणाचं धरायचं, जमीन कोण कसायचं, वाड्यात शेजारी कोण राहायचं, हे विचारा. आत्याबाईंना, मावशीआजींना आवर्जून विचारा. कुणाचं लग्न कुठे झालं, कोण कुणाच्या ओटीत दिलं, हे सगळं त्यांना पाठ असतं. नदीकाठच्या पेठांतल्या घरांत एक प्रश्न जास्तीचा: १२ जुलै १९६१ ला पानशेतच्या पुरात कोणते कागद गेले आणि त्यांच्या नकला आणखी कुणाच्या घरी होत्या? मुंबईच्या चुलत घराकडे अशा नकला निघतात.

वहीचं एक पान त्या माणसाच्या नावासाठी मोकळं ठेवा आणि नावाची जितकी रूपं ऐकलीत तितकी लिहा. जुन्या कागदात आडनाव असेलच असं नाही. "बिन" किंवा "वलद" म्हणजे अमक्याचा मुलगा, "कोम" म्हणजे अमक्याची बायको. गावावरून पडलेलं आडनाव शहरात आल्यावर बदललेलं असतं, दत्तक गेलेल्याचं तर बापाचं नावही बदलतं. म्हणून नावावर विसंबू नका. गाव पक्कं करा, गावातला वाडा किंवा आळी पक्की करा, आणि भावांची, चुलत्यांची नावं जमवा. हरवलेला माणूस पुष्कळदा भावाच्या कागदात सापडतो.

याचा सर्वांत चांगला दाखला म्हणजे फेरफार, म्हणजे जमिनीचे हक्क बदलल्याची नोंद. समजा, १९२८ सालची एक नोंद हाती आली: "खातेदार धोंडी बिन राघू मयत. वारस मुलगे गेनू, बाळू अ.पा.क. आई सखू, तुका परागंदा." तुम्ही तुकाच्या शोधात आहात आणि त्याच्याबद्दल एकच शब्द आहे. पण नोंद नीट वाचा. अ.पा.क. म्हणजे अज्ञान पालनकर्ता, तेव्हा बाळू त्या वर्षी अज्ञान, म्हणजे वयाने लहान होता आणि सखू हयात होती. वर्दी, म्हणजे मृत्यूची खबर कुणी दिली ते बघा. गेनूऐवजी एखाद्या मामाने दिली असेल, तर आजोळचं गाव मिळालं. पंच म्हणून अंगठे कुणाचे, तेही उतरवून घ्या. त्यानंतर त्याच गटाचे पुढचे सगळे फेरफार काढा. वीस वर्षांनी हक्कसोडीच्या नोंदीत तुका अचानक "राहणार मुंबई" म्हणून उभा राहू शकतो. कुठल्याच पुढच्या नोंदीत त्याचा हिस्सा दिसला नाही, तर तो कोणत्या वर्षी आणि कशाच्या आधारे कमी केला ते विचारायचं. बऱ्याच जुन्या नोंदी आता स्कॅन होऊन "आपले अभिलेख" या सरकारी संकेतस्थळावर आल्या आहेत, तेव्हा तहसीलला जाण्याआधी तिथे बघा.

तहसीलच्या रेकॉर्ड रूमला गेलात की गाव नमुना नंबर १४ मागा, म्हणजे जन्म-मृत्यूचं रजिस्टर. कोतवाल बुक म्हटलं तरी कळतं. मुळशी धरणाखाली गेलेलं गाव असेल तर हताश होऊ नका. गाव पाण्यात गेलं तरी तालुक्याचं दप्तर राहतं, आणि मुळशीचं तालुक्याचं ठिकाण पौड आहे. शहरातल्या घरासाठी नगर भूमापन कार्यालयातून मिळकत पत्रिका काढा. शाळेचं जनरल रजिस्टरही विसरू नका, त्यात जन्मगाव आणि आधीची शाळा असते.

बायकांसाठी वेगळी वही करा, असं मी आग्रहाने सांगेन. आपल्या वंशावळींतून सर्वांत जास्त माणसं गहाळ झाली ती त्याच. छापलेल्या कुलवृत्तांतातही मुलगी लग्नानंतर दिसेनाशी होते, आणि बालविधवा तर कधी कधी जन्मलीच नव्हती अशी वगळलेली असते. अशी कुणी असेल तर माहेरचं नाव आणि सासरचं नाव दोन्ही घेऊन शोधा. हुजूरपागा ही मुलींची शाळा १८८४ ची आहे. पंडिता रमाबाईंचं विधवांसाठीचं शारदा सदन १८९० मध्ये मुंबईहून पुण्यात आलं, पुढे केडगावला मुक्ती सदन उभं राहिलं. धोंडो केशव कर्वे यांचा विधवांसाठीचा आश्रम १८९६ चा, तो नंतर हिंगण्याला गेला. घरात "ती पुढे कुठे गेली कोण जाणे" असं बोललं जात असेल आणि काळ जुळत असेल, तर या संस्थांना सविनय पत्र लिहावं. पत्रात आपलं नातं आणि वापराचा हेतू स्पष्ट लिहा. कुणाचं खासगी दुःख त्या नोंदींत असतं.

माणूस परदेशी गेला असेल तर मात्र जनगणना खरोखर कामाला येते. ब्रिटनची नावांसकट जनगणना शंभर वर्षांनी खुली होते. १९२१ ची २०२२ मध्ये झाली. इंग्लंड-वेल्सची १९३१ ची पत्रकं १९४२ च्या आगीत जळाली आणि १९४१ ला युद्धामुळे जनगणनाच झाली नाही. अमेरिकेत बहात्तर वर्षांची अट आहे, म्हणून १९५० पर्यंतची नावं बघता येतात, पण १८९० ची बहुतेक सगळी आगीत गेलेली. शिवाय जनगणना ठरलेल्या एका दिवसाची असते. पुण्यात जन्मलेल्या आनंदीबाई जोशी १८८३ ते १८८६ अमेरिकेत होत्या, म्हणजे १८८० च्या नंतर आल्या आणि १८९० च्या आधी परतल्या. एवढी नावाजलेली बाई तिथल्या जनगणनेत सापडणार नाही. तुमचा माणूस किती वर्षं तिथे होता हे आधी ठरवा, मग नाव इंग्रजीत जितक्या तऱ्हांनी लिहिता येईल तितक्या तऱ्हांनी शोधा. पुण्याचं स्पेलिंगही जुनंच घालायचं, पूना.

मॉरिशसला गेलेल्यांसाठी मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत गिरमिटियांची, म्हणजे कराराने नेलेल्या मजुरांची रजिस्टरं आहेत, त्यांत बापाचं नाव आणि गाव मिळतं, काहींचे फोटोही. पलटणीत गेलेला पूर्वज १९१५-१६ मध्ये बेपत्ता झाला असेल तर आजच्या इराकमधल्या कूत-अल-अमाराचा विचार आधी करा. सहावी पुणे डिव्हिजन तिथे वेढ्यात सापडली आणि २९ एप्रिल १९१६ ला शरण गेली. तिच्यात मराठा पलटणी होत्या. राष्ट्रकुल युद्धस्मारक आयोगाच्या सूचीत नाव, पलटण आणि अनेकदा गाव-तालुकाही असतो.

शोध इंग्रजी अमलाच्या मागे न्यायचा असेल तर मोडी यायलाच हवी. पुण्यात मोडीचे वर्ग चालतात, ते करा. पुणे अभिलेखागारात पेशवे दप्तराचे हजारो रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले गठ्ठे आहेत, त्यांत पेठांच्या खानेसुमारीचे, म्हणजे घरमोजणीचे कागदही. जुनी सालं इसवीत बदलायची कालगणना आधी घोटून ठेवा: शकात ७८ मिळवा, फसलीत ५९०, आणि अरबी सनात ५९९. "इसन्ने मयातैन व अलफ" म्हणजे १२०२, तेव्हा इसवी १८०१-०२. महिना-तिथी जुळवायला जंत्री जवळ हवीच.

नाशिक, त्र्यंबक, पंढरपूर, काशी यांपैकी जिथे घरची माणसं गेली असतील तिथल्या तीर्थोपाध्यांकडे जाताना मूळ गाव सांगा, कारण वह्या बहुतेक गावावर लावलेल्या असतात. तिथल्या नोंदी यात्रेकरूने स्वतः सांगितलेल्या, काही तर त्याच्याच हातच्या असतात, आणि भावांची नावं तो विसरत नाही. दक्षिणा द्या, फोटो काढायची परवानगी मागा.

आणि निघताना पिशवीत ओळखपत्राच्या दोन प्रती, कोर्ट फी स्टॅम्प, शिसपेन्सिल, भिंग, गावाचा गट नंबर आणि जुना सर्व्हे नंबर लिहिलेला कागद असू द्या. जिथे जे पाहिलं ते त्याच दिवशी तारखेसकट वहीत लिहा. काही मिळालं नाही तरी कोणत्या गावचं, कोणत्या सालापासून कोणत्या सालापर्यंतचं दप्तर पाहिलं ते लिहायचं, म्हणजे पुढच्या खेपेला तुम्ही किंवा तुमचा भाचा तेच रजिस्टर पुन्हा मागवणार नाही.