छोट्या सपोर्ट टीमसाठी हेल्पडेस्क कसं बसवायचं

सपोर्टचा एकच इनबॉक्स तीन-चार जण उघडत असतील तर कधी एकाच ग्राहकाला दोन वेगळी उत्तरं जातात, तर कधी 'कुणीतरी बघितलं असेल' म्हणून मेल तसाच राहतो. हेल्पडेस्क हे सॉफ्टवेअर आलेल्या मेलचं तिकीट बनवतं आणि त्याला क्रमांक, जबाबदार माणूस आणि स्थिती देतं. छोट्या टीमला एवढं बास आहे. चॅटबॉट, फोन, सोशल मीडिया हे सगळं पहिल्या दिवशी जोडायची गरज नाही.

फ्रेशडेस्क, झेनडेस्क, हेल्प स्काउट ही वर्गणीवर मिळतात. फ्रीस्काउट, ओएसटिकेट, झॅमॅड ही ओपन सोर्स आहेत आणि स्वतःच्या सर्व्हरवर चालवता येतात. मात्र बॅकअप आणि अपडेट बघणारं कुणी नसेल तर त्या वाटेला जाऊ नका.

सुरुवात ईमेलपासून करा, कारण बहुतेक गोंधळ तिथेच होतो. सपोर्टचा जुना पत्ता बदलू नका. मेल सर्व्हरवरून तो हेल्पडेस्कने दिलेल्या पत्त्यावर आपोआप फॉरवर्ड करा. जीमेल आधी पुष्टीचा मेल पाठवतं आणि तो हेल्पडेस्कमध्ये तिकीट म्हणून येतो, तेव्हा तिथेच शोधा. हाताने फॉरवर्ड केलेल्या मेलवर बऱ्याचदा ग्राहकाऐवजी तुमचंच नाव लागतं आणि उत्तरही तुम्हालाच येतं.

मग पाठवण्याची बाजू. उत्तरं तुमच्या डोमेनच्या नावाने जाणार असल्यामुळे डीएनएसमध्ये (डोमेनच्या सार्वजनिक नोंदवहीत) एसपीएफ (या डोमेनच्या नावाने कोणते सर्व्हर मेल पाठवू शकतात त्याची यादी) आणि डीकेआयएम (मेलवरची डिजिटल सही तपासण्याची किल्ली) या नोंदी हव्यात, नाहीतर ती स्पॅममध्ये पडतात. इथे नेहमी होणारी चूक म्हणजे आधीची एसपीएफ नोंद तशीच ठेवून दुसरी टाकणं. एका डोमेनला एकच एसपीएफ नोंद चालते. दोन असल्या की तपासणीच फसते. त्याच ओळीत नवी सेवा जोडा, आणि एसपीएफ तपासताना लागणाऱ्या डीएनएस चौकशा 10 च्या वर जाऊ देऊ नका.

आता बाहेरच्या एखाद्या खाजगी पत्त्यावरून फोटो जोडून मेल पाठवा, हेल्पडेस्कमधून उत्तर द्या आणि त्या उत्तराला पुन्हा उत्तर द्या. तिसरा मेल त्याच तिकिटात आला पाहिजे. नवं तिकीट उघडलं, तर मेलचे हेडर (मेलसोबत जाणारी, एरवी न दिसणारी तांत्रिक माहिती) किंवा विषयातला तिकीट क्रमांक वाटेत गळतोय असं समजा.

पोच देणारा ऑटो-रिप्लाय लावत असाल तर एका पत्त्याला ठरावीक वेळेत एकदाच जाईल अशी मर्यादा घाला. समोरच्याचा 'मी रजेवर आहे' आणि तुमची पोच एकमेकांना उत्तरं देत बसले तर रात्रभरात तिकिटांचा ढीग लागतो. टीममधल्या कुणाचं लॉगिन सपोर्टच्याच पत्त्यावर असेल तरी हेच होतं: सूचनेचा मेल परत आत येतो आणि त्याचंही तिकीट होतं.

स्थितींवर मात्र जरा वेळ घालवा. ओपन म्हणजे काम आपल्याकडे, पेंडिंग म्हणजे ग्राहकाच्या उत्तराची वाट, सॉल्व्ड म्हणजे उत्तर देऊन झालं. आपल्याच तांत्रिक टीमकडे अडकलेली तिकिटंही लोक पेंडिंगमध्ये टाकतात. मग 'पेंडिंग तिकीट पाच दिवसांनी बंद करा' हा नियम ती गुपचूप बंद करतो आणि ग्राहक भडकतो. त्यांच्यासाठी 'ऑन होल्ड' अशी वेगळी स्थिती ठेवा आणि आपोआप बंद करण्याच्या नियमातून ती वगळा. सकाळी एकाने नवी तिकिटं वाटून द्यायची. मालक नसलेलं तिकीट दिवसअखेर उरता कामा नये.

आतली नोंद आणि ग्राहकाला जाणारं उत्तर एकाच चौकटीत लिहिलं जातं, फरक बऱ्याचदा फक्त रंगाचा असतो. पाठवण्याआधी तो बघायची सवय नव्या माणसाला पहिल्याच दिवशी लावा.

तयार उत्तरं दहाएक पुरेत. त्यात ग्राहकाच्या नावाची जागा असेल तर नाव रिकामं असताना काय दिसतं ते तपासा. 'नमस्कार ,' वाईट दिसतं. तिकिटांना विषयानुसार लावायचे टॅगही दहाच्या आत ठेवा. यादी लांबली की जो तो आपला नवा टॅग बनवतो आणि अहवालाला अर्थ उरत नाही.

वेळेचं लक्ष्य ठरवण्याआधी कामाचे तास, सुट्ट्या आणि टाइम झोन भरा, नाहीतर सुट्टीतले सगळे मेल उशिरात मोजले जातील. पहिल्या उत्तराच्या वेळेत ऑटो-रिप्लाय धरला जात नाही ना, हेही बघा. सरासरीऐवजी मध्यक (सगळ्या वेळा चढत्या क्रमाने लावल्यावर मधोमध येणारी) पाहा. दोन रखडलेली तिकिटं सरासरी बिघडवून टाकतात.

जुने मेल आयात करत बसू नका. ठरलेल्या तारखेनंतरचे हेल्पडेस्कमध्ये, आधीचे जुन्या इनबॉक्समध्येच संपवा.

कुणी टीम सोडत असेल तर खातं बंद करण्याआधी त्याची ओपन, पेंडिंग आणि ऑन होल्ड तिकिटं दुसऱ्याच्या नावावर करा. सॉल्व्ड तिकिटावर ग्राहकाचं उत्तर आलं की ते पुन्हा ओपन होतं आणि गेलेल्या माणसाच्याच रांगेत जाऊ शकतं. म्हणून अशी तिकिटं 'मालक नाही' या यादीत आणणारा नियम तेव्हाच लावून ठेवा.