वरून गोंडस, आतून कोण? सेकंड हँड रेट्रो छोटी कार घेताना या चुका टाळा

एका मित्राने मला गाडी बघायला सोबत नेलं होतं. गोल दिवे, दुधाळ हिरवा रंग, क्रोमची पट्टी, आत गाडीच्याच रंगाचा डॅशबोर्ड. पहिली दहा मिनिटं त्याने फोटो काढण्यात घालवली. मी बॉनेटवर हात ठेवला तर ते चांगलंच तापलेलं. मालक हसून म्हणाला, "तुम्ही येणार म्हणून आत्ताच एक चक्कर मारून आणली." मित्र माझ्या कानात कुजबुजला, "बघ, किती अगत्य!" त्याने तिथल्या तिथे बयाणा दिला. घरी आणल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी सुरूच होईना. तिसऱ्या दिवशी सुरू झाली, पण निळ्या धुराचा लोट सोडत, म्हणजे इंजिन ऑइल जाळत. ते अगत्य कशासाठी होतं, ते तेव्हा कळलं.

साधी हॅचबॅक बघायला गेलेला माणूस संशयी असतो. रेट्रो गाडी बघायला गेलेला माणूस आधीच विरघळलेला असतो. पुढच्या बहुतेक चुका तिथूनच सुरू होतात.

जुन्या नावावरून नव्या गाडीचा अंदाज बांधणं

"बीटल म्हणजे दणकट, कुठलाही मेकॅनिक उघडेल" हे वाक्य मी अनेकदा ऐकलंय. ते मूळ बीटलबद्दल खरं होतं. तिचं इंजिन मागे, हवेने थंड होणारं. 1998 साली बाजारात आलेली न्यू बीटल म्हणजे चौथ्या पिढीच्या फोक्सवॅगन गोल्फच्या सांगाड्यावर चढवलेला गोल पत्रा. इंजिन पुढे, पाण्याने थंड होणारं. फियाट 500 चंही तेच. 1957 ची मूळ गाडी मागे दोन सिलिंडरचं इंजिन घेऊन पळायची. बरोबर 50 वर्षांनी, 4 जुलै 2007 ला आलेली नवी 500 आतून फियाट पांडाची बहीण आहे.

ही वाईट बातमी नाही, उलट चांगली आहे. आतला सांगाडा ज्या साध्या गाडीचा, तिचेच ब्रेक, बुश, सेन्सर, पंप बरेचदा इथे बसतात आणि सहज मिळतात. खिसा कापला जातो तो जिथे गाडी वेगळी दिसते तिथे: दिवे, बंपर, क्रोम, मीटर, सीटचं कापड. म्हणून बघायला जाण्याआधी ही गाडी आतून कोणाची आहे, एवढं शोधून ठेवा. निसान फिगारो हे याचं टोकाचं उदाहरण. 1991 मध्ये फक्त 20,000 बनल्या. आत निसानच्याच जुन्या मायक्रा या साध्या छोट्या गाडीचं एक लिटरचं इंजिन, त्याला टर्बो आणि तीन गिअरची ऑटोमॅटिक. इंजिनाच्या भागांचं काही ना काही जमतं, पण दाराची एखादी क्रोम पट्टी हरवली तर शोधत बसा. फिगारोत इंजिन थोडं कुरकुरत असेल तर मी एकवेळ चालवून घेईन, पण गंजलेली किंवा भाग गायब असलेली गाडी घेणार नाही.

गरम इंजिन बघून खूश होणं

गाडी थंड असतानाच बघायची, कारण तापलेलं इंजिन आपले बरेच दोष लपवतं. मालकाला फोनवरच सांगा, "मी येईपर्यंत सुरू करू नका." पोचल्यावर आधी बॉनेटला हात लावा. गरम लागलं तर चहापाणी करा, गप्पा मारा, दोन-तीन तास थांबा नाहीतर दुसऱ्या दिवशी या. ओशाळायचं कारण नाही.

किल्ली फिरवल्यावर पहिले पाच-दहा सेकंद तोंड बंद आणि कान उघडे. रेडिओ, एसी, पंखा सगळं बंद. बीएमडब्ल्यूच्या नव्या मिनीच्या दुसऱ्या पिढीबाबत तर हे दहा सेकंद म्हणजे अर्धी तपासणी. 2006 पासून आलेल्या त्या मिनीत बीएमडब्ल्यू आणि पीएसए (प्यूजो-सिट्रोएनची कंपनी) यांनी मिळून केलेलं 1.6 लिटरचं इंजिन आहे. सुरुवातीच्या टर्बो कूपर एसमध्ये (मिनीचं वेगवान मॉडेल) टायमिंग चेनचा, म्हणजे इंजिनाचे व्हॉल्व्ह वेळेवर हलवणाऱ्या साखळीचा, टेन्शनर (ती ताणून धरणारा भाग) ढिला पडण्याची तक्रार सर्वांना ठाऊक आहे. थंड इंजिन सुरू करताच डब्यात सुटी नाणी हलवल्यासारखा खडखडाट येतो आणि इंजिन तापलं की गायब होतो. मालक म्हणेल, "थंडीत सगळ्याच गाड्या करतात." नाही करत.

मग इंजिन बंद करून, थोडं थांबून डिपस्टिक (ऑइलची पातळी दाखवणारी पट्टी) ओढा. हे इंजिन ऑइल पितं. पातळी खाली गेली की टेन्शनरला दाब मिळत नाही आणि चेन आणखी ढिली होते. म्हणजे डिपस्टिक कोरडी आणि सोबत खडखडाट असेल तर दोष एकच नाही, निष्काळजीपणाची साखळी आहे. त्याच टर्बो इंजिनात पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारलं जातं, त्यामुळे इनटेक व्हॉल्व्हच्या पाठीवरून ते धुवून जात नाही आणि तिथे काजळी साचते. सिग्नलला गाडी थरथरते, ओढ कमी होते. यावरचा उपाय गमतीशीर आहे: अक्रोडाच्या टरफलांचा भुगा हवेच्या दाबाने मारून व्हॉल्व्ह साफ करतात. कधी केलंय का, विचारा. मालकाला प्रश्नच कळला नाही, तर उत्तर मिळालं असं समजा.

मॉडेल एक धरून वर्ष न विचारणं

दहा वर्षांच्या अंतराने बनलेल्या दोन रेट्रो गाड्या शेजारी लावल्या तर रस्त्यावरच्या माणसाला एकच वाटतील. चेहरा न बदलणं हाच तर धंदा आहे. पण आत इंजिन बदललेलं असतं, गिअरबॉक्स बदललेला असतो, कधी सगळंच. मिनीचंच बघा. 2001 मध्ये आलेल्या पहिल्या पिढीत एक इंजिन, पुढच्या पिढीत वर सांगितलेलं, आणि 2014 च्या सुमारास आलेल्या तिसऱ्या पिढीत बीएमडब्ल्यूची स्वतःची नवी इंजिनं. पहिल्या पिढीतही 2004 च्या मध्यापर्यंतच्या वन आणि कूपर या मॉडेलांमधला पाच गिअरचा बॉक्स बेअरिंगमुळे बदनाम आहे. नंतर कंपनीने बॉक्सच बदलला. म्हणजे एकाच वर्षातल्या, एकाच रंगाच्या दोन गाड्यांपैकी एक निवांत आणि दुसरी घरघरणारी असू शकते. "मिनी चांगली की वाईट?" या प्रश्नाला म्हणून काही अर्थ नाही. कुठल्या वर्षाची, कुठलं इंजिन, कुठला बॉक्स, हे विचारा.

"ऑटोमॅटिक आहे ना, झालं!"

क्लच पेडल नाही म्हणजे ऑटोमॅटिक, असं समजून लोक थांबतात. फियाट 500 मधली ड्युअलॉजिक ही खरं तर साधी मॅन्युअल पेटी. तिचा क्लच आणि गिअर हायड्रॉलिक यंत्रणा हलवते. ती ट्रॅफिकमध्ये इंचाइंचाने सरकवली की क्लच झिजतो, मॅन्युअलमध्ये झिजतो तसाच. तपासायची एक सोपी युक्ती आहे. ड्रायव्हरचं दार उघडलं की तिचा पंप क्षणभर गुणगुणतो. तो आवाज नेमाने येऊन थांबला पाहिजे. उभ्या गाडीत थोड्या थोड्या वेळाने परत परत येत असेल तर दाब टिकत नाहीये. मग चढावर थांबून गाडी पुढे काढा, रिव्हर्समध्ये हळूहळू मागे घ्या. हिसके, जळका वास, डॅशबोर्डवर गिअरचा दिवा यांपैकी काही आलं तर नुसता भाव पाडू नका, निघून या.

पहिल्या पिढीच्या मिनीच्या वन आणि कूपरमधल्या सीव्हीटीबद्दल (ठरावीक गिअर नसलेली ऑटोमॅटिक) मी एवढंच म्हणेन की मी घेणार नाही. न्यू बीटलच्या सुरुवातीच्या चार गिअरच्या ऑटोमॅटिकलाही झटक्यांची खोड आहे. तिसऱ्यातून चौथ्यात जाताना नीट लक्ष द्या.

कमी चाललेली म्हणजे चांगली

रेट्रो छोट्या गाड्या बऱ्याचदा घरातली दुसरी गाडी असतात. आठवड्यातून दोनदा बाहेर पडतात, दोन किलोमीटर जातात, परत येतात. ओडोमीटर लाजाळू, मालक अभिमानी. पण एवढ्याशा फेरीत इंजिन पुरतं तापतच नाही. ऑइलमध्ये ओलावा राहतो, बॅटरी भरत नाही, टायर उभ्या उभ्या कडक होतात. टायमिंग बेल्ट (काही इंजिनांत चेनचंच काम करणारा पट्टा) रबराचा असतो आणि रबर किलोमीटर मोजत नाही, वर्षं मोजतं. फियाटच्या 1.2 इंजिनात बेल्ट आहे, न्यू बीटलच्या 1.8 टर्बोमध्येही आहे. "बारा वर्षांत फार थोडी चालली" असं कोणी सांगितलं की मी पहिला प्रश्न विचारतो, "बेल्ट कधी बदलला?" बिल दिसलं नाही तर बदललेलाच नाही असं धरून चालतो.

टायरवर चार आकडे कोरलेले असतात. 2319 म्हणजे 2019 सालचा 23 वा आठवडा. नक्षी कोरी पण आकडा जुना, तर टायर संपलेला. मिनीवर रन-फ्लॅट (पंक्चर झाल्यावरही थोडं अंतर चालणारे) टायर असतील तर स्टेपनी नसते, हेही लक्षात ठेवा. कोणीतरी नंतर साधे टायर चढवलेले असतात आणि पंक्चर झाल्यावर हातात काहीच नसतं.

डिकी एकदाच उघडून बंद करणं

फियाट 500 ची डिकी मी निदान पाच वेळा वर-खाली करतो. छताकडून डिकीच्या झाकणात जाणाऱ्या वायरी एका रबरी नळीतून जातात आणि वर्षानुवर्षं वाकून वाकून तुटतात. मग मागचा वायपर, नंबर प्लेटचा दिवा, डिकीचं लॉक यांपैकी काहीतरी आज चालतं, उद्या नाही. सगळं चालू ठेवा, झाकण हळूहळू हलवा आणि कुठल्या कोनात काय विझतं ते बघा. त्याच झाकणावरचं क्रोमचं हँडल ओढताना हलतंय का, तेही पाहा. ते तुटणं नेहमीचंच.

तीन दारी मिनीच्या दाराला काचेची चौकट नाही. दार उघडताना काच थोडी खाली सरकली पाहिजे आणि बंद झाल्यावर वर चढली पाहिजे. नाही चढली तर पाऊस आत. न्यू बीटलमध्ये काच वर-खाली करणारी यंत्रणा दगा देते, म्हणून काच पूर्ण खाली आणि पूर्ण वर करून बघा. आतल्या प्लॅस्टिकवरचा मऊ रंग नखाने खरवडून निघत असेल तर तो सगळीकडून निघत जाणार. चिकट दारं आणि काळी बोटं यांची सवय करून घ्यावी लागेल.

नाकाचा उपयोग न करणं

हे फक्त उघड्या छताच्या गाड्यांसाठी नाही. सनरूफच्या कडेने पाणी वाहून जायला बारीक नळ्या असतात. त्यात पाला-माती अडकली की पाणी खांबातून खाली उतरून गालिच्याखाली साठतं. वरून कोरडं, खाली तळं. गाडीत बसल्याबरोबर दारं लावून एक श्वास घ्या. ओल्या पोत्यासारखा वास आला तर गालिचा दाबून बघा, डिकीतल्या कप्प्यात हात घाला. आणि उग्र अत्तराचा वास? तोही संशयच समजा. गालिच्याखाली वायरी असतात, त्यामुळे ओल्या गाडीत पुढे कुठलाही दिवा कधीही पेटू शकतो.

बिल्ल्यावर विश्वास

साध्या फियाटवर अबार्थचा (फियाटची वेगवान आवृत्ती) विंचवाचा बिल्ला आणि साध्या मिनीवर "एस" चिकटवणं हा लोकांचा आवडता उद्योग आहे. पहिल्या तीन पिढ्यांतल्या खऱ्या कूपर एसच्या बॉनेटवर हवेचं तोंड असतं आणि सायलेन्सरच्या दोन नळ्या मध्यभागी. अबार्थ 500 मध्ये 1.4 लिटरचं टर्बो इंजिन. चेसिस नंबरवरून काय निघालं ते बघा, बिल्ला बाजारात मिळतो. त्याच नंबरावर कंपनीने परत बोलावण्याचं काम बाकी आहे का, तेही विचारून घ्या.

गाडी घरी आली आणि डॅशबोर्डवर दिवाळी झाली

घाबरून सगळे सेन्सर बदलायला सुटू नका. आधी बॅटरी तपासा. कमी वापरलेल्या गाडीत दमलेली बॅटरी एकाच वेळी स्टिअरिंग, एबीएस, एअरबॅग, गिअर असे चार दिवे लावू शकते. बॅटरी चांगली असूनही दिवे टिकले, तर स्कॅनर लावा आणि गाडीने नोंदवलेले बिघाडाचे कोड लिहून ठेवा, लगेच पुसू नका. पुसलेला कोड पुन्हा येईपर्यंत मेकॅनिक अंदाजाने भाग बदलत बसतो, आणि ते अंदाज तुमच्या खिशातून जातात.

इंजिन दचकत दचकत चालत असेल आणि गाडी न्यू बीटल 1.8 टर्बो असेल तर स्पार्क प्लगला वीज पुरवणारी कॉइल आधी बघा. पहिल्या पिढीच्या मिनीत स्टिअरिंग अचानक जड झालं, तर इंजिनाखालचा इलेक्ट्रिक पंप आणि त्याला थंड करणारा छोटा पंखा. तो पंखा खाली रस्त्यालगत असतो, खडे-चिखल खाऊन बंद पडतो आणि मग पंप तापून जातो. म्हणून टेस्ट ड्राइव्हलाच गाडी उभी ठेवून स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा. कण्हल्यासारखा आवाज आला तर खाली वाकून पंखा बघा.

मित्राच्या त्या हिरव्या गाडीचं इंजिन शेवटी खोलावं लागलं. आता ती ठणठणीत आहे, धूर नाही. तो अजूनही तिचे फोटो काढतो, पण दुसऱ्याची गाडी बघायला गेला की आधी बॉनेटवर हात ठेवतो.