तज्ज्ञ डॉक्टर घडवताना काळजीचे नीतिशास्त्र कसे शिकवावे

एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात २०१९ पासून वृत्ती, नीतिमत्ता आणि संवाद यांसाठी ‘एटकॉम’ हे मॉड्यूल आले आहे; तरी एमडी-एमएस करणारा निवासी डॉक्टर रुग्णाशी कसे वागायचे हे व्याख्यानातून नव्हे, तर वरिष्ठांना पाहून वॉर्डातच शिकतो. त्यामुळे हे शिक्षण युनिटप्रमुखाने स्वतःच्या राउंडपासून सुरू करावे.

‘बेड नंबर १२ची किडनी’ असे सादरीकरण चालू देऊ नये. रुग्णाचे नाव, काम आणि घरी कोण असते, हे पहिल्याच वाक्यात यावे. त्याला अर्धा मिनिटही लागत नाही, पण ऊसतोड कामगाराला आठवड्यातून तीन वेळा डायलिसिस लिहून देताना तो फडावरून येणार कसा, हा प्रश्न मग आपोआप पुढे येतो.

अमेरिकन राजकीय विचारवंत जोन ट्रॉन्टो यांनी १९९३ मध्ये काळजीच्या नीतीचे चार घटक मांडले: लक्ष असणे, जबाबदारी घेणे, ती निभावण्याची क्षमता असणे आणि काळजी घेतली जाणाऱ्याचा प्रतिसाद जाणणे. आपल्याकडे चौथा घटक सर्वाधिक दुर्लक्षित राहतो. ‘समजलं ना?’ असे विचारले की ‘हो डॉक्टर’ हेच उत्तर येते, कारण नाही म्हणण्याचा संकोच असतो. त्याऐवजी ‘घरी गेल्यावर सूनबाईंना काय सांगाल?’ असे विचारायला शिकवावे. आमच्या वॉर्डातील एका आजींनी यावर सांगितले, ‘गोळी जेवल्यावर, म्हणजे उपासाला नाही.’ त्या आठवड्यातून दोन उपास करत होत्या आणि त्यांचा रक्तदाब आटोक्यात का येत नव्हता, हे त्या दिवशी कळले. केसपेपरवर मात्र ‘औषधे समजावून सांगितली’ असा शेरा व्यवस्थित होता.

वाईट बातमी सांगण्याचा सराव आधी भूमिका घेऊन करून घ्यावा आणि प्रत्यक्षात ती व्हरांड्यात उभ्याउभ्या सांगू देऊ नये. दोन स्टुले मिळतील अशी जागा बहुतेक वॉर्डांत सापडते. सिस्टरांनाही सोबत घ्यावे, कारण नंतर नातेवाईक त्यांनाच विचारतात.

अमेरिकन डॉक्टर रिटा शॅरॉन यांच्या ‘समांतर केसपेपर’च्या पद्धतीप्रमाणे, केसपेपरवर लिहिता येत नाही ते निवासी डॉक्टरांनी साध्या भाषेत वेगळे लिहावे आणि महिन्यातून एकदा युनिटमध्ये वाचावे. त्याला गुण देऊ नयेत, अन्यथा परीक्षकाला आवडेल तेच लिहिले जाईल. ही बैठक ड्यूटीच्या वेळेतच घ्यावी. सलग छत्तीस तास जागलेल्या निवासी डॉक्टरला रात्री नऊला थांबवून करुणेवर बोलायला लावू नये.