‘साका’ टाइप करून साका सापडत नाही : ग्रंथालयाचे डेटाबेस वापरताना या चुका टाळा

सबमिशनच्या आदल्या आठवड्यात आमच्या ग्रंथालयात जत्रा भरते. एरवी पेपर चाळायला आणि पंख्याखाली बसायला येणारी मुलं ‘सर, डेटाबेसमध्ये काहीच नाही’ म्हणत काउंटरवर उभी. रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका कॉलेजात हे काउंटर मी सांभाळतो. माझा अनुभव असा, की माल आत असतो. हाक चुकीच्या नावाने मारलेली असते.

गेल्या मार्चमध्ये एका मुलीला हापूसच्या साक्यावर प्रोजेक्ट करायचा होता. घरची बाग, त्यामुळे साका तिला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. वरून फळ निर्दोष, कापलं की आत पांढुरका, आंबूस गर. तिने शोधचौकटीत इंग्रजीतून अख्खा प्रश्नच लिहिला होता, त्यात ‘साका’ आणि ‘हापूस’ तसेच. निकाल शून्य.

“अगं, तू गूगलशी बोलतेयस. हा बाबा तसा नाही.”

गूगल अर्धवट बोललेलंही समजून घेतो. बरेचसे डेटाबेस मात्र शब्दाला शब्द जुळवतात. साक्याला संशोधक ‘स्पॉंजी टिश्यू’ म्हणतात, हापूसला ‘अल्फान्सो’. पहिला शब्दगट अवतरणचिन्हांत टाकला, मध्ये कॅपिटल अक्षरांत ‘अँड’, मग अल्फान्सो. पान भरलं. काही लेखांत याच दोषाला ‘इंटर्नल ब्रेकडाउन’ म्हटलेलं असतं, म्हणून ते ‘ऑर’ने जोडलं आणि दोन्ही पर्याय एका कंसात ठेवले. कंस विसरलात तर ‘ऑर’ भलतीकडे पळतो. कोकमासाठी ‘गार्सिनिया इंडिका’, बांगड्यासाठी ‘रास्ट्रेलिगर कानागुर्ता’ हे शास्त्रीय नाव आधी घालून बघा.

शब्दाच्या शेवटी तारांकन दिलं की त्याची सगळी रूपं येतात, पण बेताने. ‘मँगो’ला तारांकन (*) लावलंत तर मँगोस्टीनही येऊन बसतं. ते कोकमाचं भावंड, आंब्याचं कुणीच नाही!

इतिहासवाल्यांची अडचण वेगळी. इंग्रजी कागदपत्रांत बाणकोटचा किल्ला ‘फोर्ट व्हिक्टोरिया’ नावाने येतो आणि रत्नागिरीचं स्पेलिंग ‘रटनागेरी’ असं काहीतरी वाचावं लागेल, असं असतं. आजच्या स्पेलिंगने शोधून ‘साधनंच नाहीत’ असं प्रस्तावनेत लिहू नका. गाइड ते पान वाचतात.

दुसरी चूक फिल्टरची. ‘गेली पाच वर्षं’ या चौकोनावर मुलं सवयीने टिक करतात. त्या मुलीनेही टिक केली आणि साक्यावरचे जुने प्रयोग एका क्लिकमध्ये गायब झाले. साक्याला जमिनीकडून येणारी उष्णता कारणीभूत, असं एक मत. पिकत्या फळात कोय रुजायच्या तयारीला लागते म्हणून, असं दुसरं. एकच बाजू वाचली असती तर प्रोजेक्ट लंगडा झाला असता. ‘पीअर रिव्ह्यूड’चा, म्हणजे त्या विषयातल्या जाणकारांनी तपासलेल्या लेखांचा, फिल्टर मात्र खुशाल लावा.

घरून लेख उघडला आणि तीस-चाळीस डॉलर मागितले? कार्ड खिशात ठेवा. कॉलेजच्या वायफायवर काही लेख आपोआप उघडतात, कारण प्रकाशक संस्थेचा आयपी पत्ता ओळखतो. बाहेरून लॉगिन लागतं. कॉलेजांना ई-नियतकालिकं पुरवणाऱ्या एन-लिस्टसारख्या सेवेचं खातं कॉलेजच्या ग्रंथालयातूनच मिळतं, आणि ते मागायला मुलं शेवटच्या रात्री फोन करतात. जानेवारी 2025 पासून केंद्र सरकारच्या ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजनेखाली 30 प्रकाशकांची सुमारे 13,000 नियतकालिकं सरकारी संस्थांना खुली झाली आहेत. आपलं कॉलेज त्यात बसतं का, हे टर्म सुरू होतानाच विचारून ठेवा. नसेल तर लेखाचं शीर्षक गूगल स्कॉलरवर टाका. पुष्कळदा लेखकानेच मोफत प्रत ठेवलेली असते.

ग्रंथालयाच्या वेबसाइटवर विषयवार मार्गदर्शिका असते. ती कुणी उघडत नाही. शेतीचे प्रबंध कृषिकोशावर, इतर विद्यापीठांचे शोधगंगेवर, मासेमारीवरचं ढीगभर साहित्य केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेच्या मोफत भांडारात, हे तिथे पाच मिनिटांत कळतं. शोधगंगेवर प्रबंध प्रकरणवार असतो. मी मुलांना आधी शेवटची संदर्भसूची उघडायला लावतो. कुणीतरी चार-पाच वर्षं घालवून ती जमवलेली असते, आपण फुकट का वापरू नये? (सूची म्हटलं मी. प्रकरण नव्हे.)

लिंक जपून ठेवतानाची चूक मी स्वतः केली आहे. एकदा वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ॲड्रेस बारमधली लिंक टाकली. तासाभरात सगळ्यांना ‘सेशन संपलं’. पर्मालिंक (लेखाची कायमची लिंक) नाहीतर 10 ने सुरू होणारा डीओआय, म्हणजे लेखाचा कायमचा ओळखक्रमांक, घ्यायचा. ‘साइट’ (Cite) बटणाने तयार झालेला संदर्भही डोळे मिटून चिकटवू नका. आपल्याकडची नावं त्याला झेपत नाहीत, आडनावाच्या जागी वडिलांचं नाव जातं. चॅटबॉटने दिलेला संदर्भ तर डेटाबेसमध्ये दिसल्याशिवाय लिहूच नका. लेखक खरा, नियतकालिक खरं आणि लेख अस्तित्वातच नाही, असे नमुने काउंटरवर येऊन गेलेत.

आणि सापडलेली पीडीएफ त्याच क्षणी उतरवून घ्या, फाइलला लेखक आणि वर्षाचं नाव देऊन. जूनपासून आमच्याकडे लाइट आणि रेंज हातात हात घालून जातात.