विमानातल्या टेहळणी प्रणालीवर काम सुरू करताना: डेटा पोचणं आणि वेळ जुळणं

टेहळणीच्या विमानावर काम करायला येणाऱ्या नव्या इंजिनिअरांचा ओढा बहुतेकदा रडारच्या सिग्नल प्रोसेसिंगकडे असतो. तिथलं काम सुंदर आहेच. पण रडार, आयएफएफ (समोरचं विमान आपलं आहे का ते विचारणारी प्रणाली), नेव्हिगेशन, डेटा लिंक आणि मिशन कॉम्प्युटर असे अनेक प्रोसेसर मिळून ऑपरेटरच्या पडद्यावर एकच चित्र उभं करतात. ते चित्र कितपत खरं आहे, हे बऱ्याच अंशी या प्रोसेसरांमधल्या देवाणघेवाणीवर ठरतं. मी अनेक वर्षं याच भागात काम करते आहे. नव्यांनी कुठे जास्त जीव लावावा, ते इथे लिहिते आहे.

एक बिघाड सविस्तर सांगते, कारण त्यात जवळजवळ सगळं येतं. विमान सरळ उडत असताना रडारचा प्लॉट (लक्ष्याची जागा दाखवणारा ठिपका) आणि आयएफएफचा प्लॉट एकमेकांवर अचूक बसायचे. विमान वळलं की ते फाटायचे. उजव्या वळणात रडारचा प्लॉट डावीकडे सरकायचा, डाव्या वळणात उजवीकडे. लक्ष्य जितकं दूर, तितकं अंतर जास्त. अँटेनाच्या कॅलिब्रेशनवर संशय घेतला गेला, पण कॅलिब्रेशनची चूक वळणाच्या दिशेप्रमाणे बाजू बदलत नाही. शेवटी कारण निघालं ते वेळेचं. आयएफएफचा प्रोसेसर विमानाचं हेडिंग (नाकाची दिशा) थेट नेव्हिगेशनच्या बसवरून (सामाईक डेटा वाहिनीवरून) घेत होता, तर रडारच्या प्रोसेसरला ते मिशन कॉम्प्युटरमार्फत मिळत होतं. वाटेत सुमारे 80 मिलिसेकंद जात होते आणि टाइमस्टॅम्प (वेळेचा शिक्का) लागत होता तो डेटा पोचल्याच्या क्षणाचा.

हिशेब करून बघा. सेकंदाला 3 अंश अशा नेहमीच्या वळणात 80 मिलिसेकंदांत हेडिंग 0.24 अंश बदलतं. 250 किलोमीटरवरच्या लक्ष्यासाठी ही चूक एक किलोमीटरहून जास्त होते. सरळ उड्डाणात मात्र तेवढ्याच उशिराने विमान फार तर 18-20 मीटर पुढे जातं, ते पडद्यावर दिसतही नाही. म्हणून चाचणीत वळणं हवीतच, दोन्ही बाजूंची.

यातून निघणारा नियम मी प्रत्येक नव्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगते: टाइमस्टॅम्प मोजमाप झालं त्या क्षणाचा लावायचा, पॅकेट मिळालं त्या क्षणाचा नाही. घेणाऱ्याने शेवटची काही हेडिंग्ज बफरमध्ये ठेवावीत आणि रडारचा पल्स ज्या क्षणी गेला त्या क्षणाचं हेडिंग आधीच्या आणि नंतरच्या मूल्यांमधून इंटरपोलेट करून काढावं. इथे 359 आणि 1 अंशांच्या मध्ये 180 येणार नाही, याची काळजी घ्या. हा बग उत्तरेकडे तोंड केल्याशिवाय सापडत नाही.

मोजमापाच्या क्षणाची नोंद कामी यायची तर सगळ्यांची घड्याळं जुळलेली हवीत. घड्याळाचा साधा क्रिस्टल 10 पीपीएमने (दहा लाखांत 10 भागांनी) चुकला तरी तासाला 36 मिलिसेकंदांचा फरक पडतो, म्हणजे लांबच्या उड्डाणात वरच्या 80 मिलिसेकंदांपेक्षाही जास्त. त्यासाठी जीपीएसचा सेकंदाला एक येणारा पल्स, आयआरआयजी-बी (वेळ सांगणारा प्रमाणित सिग्नल) किंवा नेटवर्कवरून घड्याळं जुळवणारा पीटीपी प्रोटोकॉल वापरतात. पल्स फक्त सेकंद कुठे सुरू झाला ते सांगतो, कोणता सेकंद ते वेगळ्या संदेशातून येतं. तो संदेश उशिरा आला तर घड्याळ नेमकं एका सेकंदाने चुकतं. जीपीएसची वेळ 2017 पासून यूटीसीच्या (जागतिक प्रमाणवेळेच्या) 18 सेकंद पुढे आहे. त्यामुळे दोन प्रोसेसरांत नेमका 18 सेकंदांचा फरक दिसला, तर कारण शोधायला फार लांब जावं लागत नाही.

जीपीएस गेला तर काय करायचं, हे डिझाइनमध्ये आधीच ठरलेलं असावं. सगळ्यांनी एकाच मास्टर घड्याळाच्या मागे राहावं. ते यूटीसीपासून थोडं सरकलं तरी विमानाच्या आतलं चित्र एकसंध राहतं. जीपीएस परत आल्यावर घड्याळाला उडी मारू देऊ नका, हळूहळू ओढून आणा. घड्याळ मागे गेलं तर दोन प्लॉटमधला काळ ऋण येतो आणि ट्रॅकरमध्ये (प्लॉट जोडून लक्ष्याचा मार्ग काढणाऱ्या प्रोग्राममध्ये) वेगाचा विचका होतो. टाइमआउट मोजायला तर कायम पुढेच जाणारं मोनोटोनिक घड्याळच वापरा. मध्यरात्रीची चाचणीही विसरू नका. ॲस्टेरिक्ससारख्या टेहळणी डेटाच्या फॉरमॅटमध्ये वेळ मध्यरात्रीपासून सेकंदाच्या 128 व्या भागांत मोजतात आणि ती रोज शून्यावर येते.

आता डेटा पोचण्याबद्दल. "डेटा विश्वासार्हपणे पोचला पाहिजे" असं आवश्यकतेत लिहिलेलं असतं आणि नवा माणूस लगेच टीसीपी (हरवलेलं पॅकेट पुन्हा पाठवणारा प्रोटोकॉल) निवडतो. आधी विचारा, कोणता डेटा? हेडिंगचं एक पॅकेट हरवलं तर 20 मिलिसेकंदांनी पुढचं येतंच. टीसीपी मात्र हरवलेलं पुन्हा मिळेपर्यंत मागचं सगळं अडवून धरतो. लिनक्सवर पुन्हा पाठवण्याचा टाइमआउट सहसा 200 मिलिसेकंदांच्या खाली जात नाही, तेवढ्यात हेडिंगची दहा नवी मूल्यं शिळी होतात. अशा डेटासाठी यूडीपी (पुन्हा न पाठवणारा साधा प्रोटोकॉल), सिक्वेन्स नंबर आणि मोजमापाची वेळ पुरेशी आहे. रडारचा मोड बदलण्याची आज्ञा मात्र पोचलीच पाहिजे. तिला पोचपावती हवी, पुन्हा पाठवण्याची सोय हवी, आणि तीच आज्ञा दोनदा आली तरी ती एकदाच अमलात यायला हवी. पोचपावतीही दोन वेगळ्या ठेवा: "मिळाली" आणि "अमलात आली". ऑपरेटरला दुसरीच दाखवा.

यूडीपीत मोठे संदेश टाकण्याचा मोह आवरा. इथरनेटच्या एका फ्रेममध्ये मावणाऱ्या 1500 बाइटपेक्षा मोठा संदेश तुकड्यांत जातो आणि एक तुकडा हरवला की सगळाच जातो. एका बाजूला पॉवरपीसी प्रोसेसर आणि दुसऱ्या बाजूला इंटेल असेल तर बाइटचा क्रम आणि स्ट्रक्चरमधलं पॅडिंग (मध्ये सोडलेले रिकामे बाइट) इंटरफेसच्या दस्तऐवजात स्पष्ट लिहून घ्या, तोंडी ठरवू नका.

तयारीसाठी महागडी उपकरणं लागत नाहीत. सी भाषा, सॉकेट, वायरशार्क (नेटवर्कवरची पॅकेट्स बघायचं साधन) आणि एखादी रिअल-टाइम ऑपरेटिंग सिस्टिम नीट शिका. 1553 बसवरचा (लष्करी विमानांतल्या डेटा वाहिनीवरचा) एखादा संदेश हाताने सोडवून बघा: 1 मेगाबिट वेग, 20 मायक्रोसेकंदांचा एक शब्द, एका संदेशात जास्तीत जास्त 32 डेटा शब्द. मग दोन लिनक्स मशीन पीटीपीने जोडा आणि त्यांच्या मध्ये ब्रिज म्हणून ठेवलेल्या तिसऱ्या मशीनवर नेटएम (लिनक्समधलं मुद्दाम उशीर घालायचं साधन) वापरून फक्त एका दिशेला 2 मिलिसेकंदांचा उशीर घाला. जाण्यायेण्याला सारखाच वेळ लागतो असं पीटीपी गृहीत धरतं. त्यामुळे घड्याळ 1 मिलिसेकंदाने चुकेल आणि पीटीपी तुम्हाला ऑफसेट जवळजवळ शून्य दाखवत राहील. ती चूक पकडण्यासाठी दोन्ही मशीनचे सेकंदाचे पल्स ऑसिलोस्कोपवर शेजारी शेजारी बघावे लागतील.