भूतकाळ एकदाच लावायचा भावा

इंग्लिश बोलताना आपली पोरं हमखास इथंच घसरतात, 'आय वॉन्टेड टू वेन्ट टू रंकाळा' म्हणतात, कारण डोक्यात असतं की गोष्ट कालची हाय म्हणजे सगळीच क्रियापदं कालची पाहिजेत. आता मराठीत बघ की, 'मला रंकाळ्यावर जायचं होतं' म्हणतोस ना, भूतकाळ नुसता 'होतं'मध्ये आला, 'जायचं' तसंच राहिलं. तिकडं पण तसंच, पहिल्या क्रियापदाला भूतकाळ लावायचा आणि 'टू'च्या पुढं मूळ रूप ठेवायचं, विषय संपला. आय वॉन्टेड टू गो. वी डिसायडेड टू ईट मिसळ. शी फरगॉट टू ब्रिंग चटणी. नकार असला तर 'नॉट' घालायचा 'टू'च्या आधी: ही डिसायडेड नॉट टू कम.

'डिड' आला की भूतकाळ त्याच्याच गळ्यात, म्हणून 'आय डिडन्ट वॉन्ट टू गो', इथं वॉन्टेड नको. 'मेड' आणि 'लेट'ला तर 'टू'च चालत नाही, 'मम्मी मेड मी वॉश द बाइक' एवढंच.

आणि हो, 'स्टॉप्ड'ला लई जपून बरं का! 'आय स्टॉप्ड टू ड्रिंक टी' म्हणजे बिंदू चौकात गाडी लावून चहा प्यायला थांबलो, आणि 'आय स्टॉप्ड ड्रिंकिंग टी' म्हणजे चहाच सोडला. मी एका इंटरव्ह्यूत हे उलटं बोललो होतो, समोरच्यानं आलेला चहा परत पाठवला.